मागचा दोर

आये, काल पोराने नवी गाडी दारात आणून उभी केली. मी खाली उतरले, चारी बाजूंनी फिरून बघितली, टायरला पाय लावून बघितला आणि विचारलं, "डबा कुठाय?" तर म्हणतो, "आई, यात डबा वेगळा बसवावा लागत नाही. कारखान्यातूनच आत घालून येतो. आता तुला काही तपासायला नको." तपासायला नको म्हणे. असं कोणी म्हटलं की मी आधी तीच गोष्ट तपासते, हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तेव्हापासून तू माझ्या डोक्यात येऊन बसली आहेस ती उठत नाहीस. म्हणून नातीच्या वहीतला कागद मागून घेतला. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येतं ते तिसरीपुरतं. तू जाऊन तर इतका काळ झाला की तुझा चेहरा मला आता समोरून आठवत नाही, एकाच बाजूने आठवतो. मी तुझ्या डाव्या हाताला चालायची, तेवढ्याच बाजूने.

ते चालणं म्हणजे चिऱ्याच्या खाणीपासून खाडीपर्यंतचा उतार. गाडीत लाल चिरे रचलेले, पुढे बाबा बैलांची वेसण धरून, आणि मागे तू. चाकांच्या मधल्या आसाला सुंभाचा दोर बांधलेला, त्याचं दुसरं टोक तुझ्या हातात, तळव्यांना फडकं गुंडाळलेलं. गाडी उताराला लागली की चिऱ्यांचं वजन बैलांच्या मानेवर जायचं. ते जाऊ नये म्हणून तू मागे कलून, टाचा मातीत रोवत गाडी धरायचीस. बाबा पुढून ओरडायचे, "धर! धर गो!" आणि तू त्यांच्या ओरडण्याकडे ढुंकून बघायची नाहीस. मी एकदा त्यांच्या हाकेसरशी तुझ्या दोराला लोंबकळले. दोराला हिसका बसला, बैल भेलकांडले, बाबांनी पुढून आपली सगळी शिवीगाळ मोकळी केली. तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास आणि म्हणालीस, "हाकेवर ओढायचं नाही. त्यांची हाक उशिरा येते. दोर काय सांगतो ते बघ. थोडी ओढ लागली तर थोडं धर, जास्त लागली तर जास्त." त्यानंतर कधीतरी तू मला माझा स्वतःचा दोर दिलास. आखूड, जुना, टोकाला गाठ मारलेला. म्हणालीस, "ही बाजू तुझी. सोडलीस तर गाडी गेली." मी सोडला नाही. शाळेत जायचं सोडलं, पण दोर सोडला नाही.

आता इथलं सांगते. इथलं म्हणजे ओमानचं. आम्ही सध्या बौशरला चौथ्या मजल्यावर राहतो, पण हे झालं ते आधी, आम्ही सहमला समुद्राजवळ राहत होतो तेव्हा. तुझा जावई गेला, गावात मी एकटी, म्हणून पोराने मला बोलावून घेतलं. मी आले, पण परतीचं तिकीट पदराला बांधूनच आले. बोलावणाऱ्याचा काय भरवसा. पोर एका अर्बाबाकडे कामाला होता. अर्बाब म्हणजे इथला मालक. म्हातारा, खजुराची मोठी बाग, आणि घोड्यांचं वेड. काही घोडे सहमला, काही लांब इब्राला त्याच्या भावाकडे. शर्यत आली, ईद आली, घोडी व्यायला झाली की घोडे इकडून तिकडे न्यायचे. ते काम माझ्या पोराचं. त्यासाठी अर्बाबाने दुबईहून घोडे न्यायची एक जुनी गाडी आणली होती. तिला इंजिन नाही. पुढच्या मोठ्या पिकअपला मागून जोडायची, म्हणजे तुझ्या भाषेत सांगायचं तर पिकअप हा बैल आणि ती आपली गाडी. इथे तिला ट्रेलर म्हणतात.

तर त्या ट्रेलरच्या चाकांनाही ब्रेक असतात. पण ते विजेवर चालतात. त्यांना वीज कधी द्यायची आणि किती द्यायची हे ठरवायला पुढच्या गाडीत, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी, एक डबा लागतो. डबा नसेल तर मागचे ब्रेक असून नसल्यासारखे. दुबईवाल्याने ट्रेलर विकला, डबा नाही दिला. अर्बाबाने मागितला नाही. आणि माझ्या शहाण्या पोराने कित्येक महिने तसंच घोडे वाहिले. मला हे माहीत नव्हतं. मला सांगायचं नाही, असं त्याचं आणि सुनेचं ठरलं होतं, हे मला मागाहून कळलं.

कळलं ते भातामुळे. एक दिवस तो दुपारचा इब्राहून आला, हात धुऊन जेवायला बसला आणि पानातला सुका भात कालवायला लागला. अजून आमटी वाढायची होती.

"काय झालं?" मी म्हटलं.

"कुठे काय?"

"सुका भात कालवतोयस."

त्याने हात थांबवला. सुनेने माझ्याकडे अशी नजर टाकली की हिला सांगितलं की संपलं. पण तो बोलला. डोंगरातल्या उतारावर त्याने ब्रेक दाबला, पिकअप थांबायला बघत होती आणि ट्रेलरला थांबायचं नव्हतं. घोड्यांसकट ते सगळं मागून आलं. पिकअपची मागची बाजू रस्त्यावर आडवी झाली, समोरून पाण्याचा टँकर येत होता, तो कसाबसा कडेने निघून गेला. "आई, कोणीतरी मागून धक्का मारल्यासारखं झालं."

"मागे धरायला कोण होतं?"

"मागे कोण असणार? घोडे."

"म्हणजे कोणी नाही," मी म्हटलं. आणि मग मी त्याच्याकडून डब्याची सगळी गोष्ट काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी अर्बाबासमोर जाऊन उभी राहिले. त्याला आपलं हिंदी येतं, माझ्यापेक्षा बरं येतं. मी म्हटलं, "ट्रेलर को ब्रेक का डब्बा मंगता." तो म्हणाला, "इन्शाल्ला, अम्मा." मी म्हटलं, इन्शाल्ला नको, उद्या पाहिजे. तो हसला. म्हणाला त्याचा बाप घोडे चालवत न्यायचा, आजाही चालवत न्यायचा, कोणाकडे डबा नव्हता. मी म्हटलं, "तुम्हारे बाप के घोडे को मागून कोण ढकलत नव्हता." अर्धं त्याला कळलं असेल नसेल. पण म्हणाला, "माफी मुश्किल. घे जाऊन." माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. इतक्या लवकर हो म्हणाला की मला वाटलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. पण मुरत नव्हतं. काही माणसं नुसती आळशी असतात, लबाड नसतात, हे मला पटायला वेळ लागतो.

गावाबाहेर गॅरेजांची वस्ती असते, तिला सनैया म्हणतात. पोर एकटाच निघाला होता. मी गाडीत जाऊन बसले. दुकानदार मलबारी, चष्मा डोक्यावर चढवलेला, मला बघून पोराला विचारतो, "अम्मा को भी कुछ मंगता?" मी म्हटलं, "अम्मा को ही मंगता." त्याने दोन डबे काचेवर ठेवले, एक लहान, एक मोठा. लहान डब्याचं त्याने सांगितलं, की तुम्ही पाय ठेवलात की हा ठरल्या वेगाने मागचा ब्रेक चढवत नेतो. पाय हळू ठेवा, जोरात ठेवा, याचं चढवणं सारखंच. गाडी किती रेटतेय ते याला कळत नाही. आये, मला तुझा धपाटा पाठीत बसल्यासारखा झाला. हा हाकेवर ओढणारा! बाबा ओरडले की ओढायचं, ओझं असो वा नसो. मग मोठा डबा. "इसके अंदर लटकन है," तो म्हणाला. आत एक वजन टांगलेलं. गाडी जितकी जोरात थांबेल तितकं ते पुढे झुलणार, आणि ते झुलेल तितकी वीज मागच्या ब्रेकला. उतारावर तर ते आधीच थोडं पुढे कललेलं असतं. हा दोर बघून ओढणारा.

पोर लगेच म्हणाला, "हाच दे." मला त्याचा राग आला. दुकानदार ज्या वस्तूची तारीफ करतो ती लगेच उचलायची असते का? तू कुंभारणीकडून मडकं घेताना प्रत्येक मडक्यावर टिचकी मारून कान लावायचीस आणि तिने पुढे केलेलं मडकं तर कधीच घ्यायची नाहीस. मी डबा उचलून कानाशी हलवला. आत काही वाजेना. "लटकन है तो बजता क्यूँ नहीं?" दुकानदाराने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, चालू करून दाखव. त्याने बॅटरी आणली, तारा जोडल्या, पुढे एक बल्ब लावला आणि डबा हातात धरून पुढे कलवला. बल्ब पेटला. मग मी माझ्या हातात घेतला. हळूच कलवला, बल्ब मिणमिणला. जोरात कलवला, लख्ख झाला. सरळ धरला, विझला. पुन्हा, पुन्हा. वस्तू मला पटली. आता माणूस राहिला होता.

"ये नहीं," मी म्हटलं, "अंदर से नया निकालो." दाखवायचा नग वेगळा आणि द्यायचा नग वेगळा असतो. त्याने बंद खोक्यातला काढला. मी म्हटलं, याला पण बल्ब लाव. पोर माझा पदर ओढतोय, "आई, चल ना, लोक बघतायत." मागे खरंच दोन पठाण उभे राहून मजा बघत होते. दुकानदाराने बल्ब लावला, मी कलवला, पेटला. त्याने विचारलं, "अम्मा, आप पहले कस्टम में था क्या?" पठाण हसले. मी नाही हसले. डबा घेतला.

बसवला त्यानेच, दुकानामागच्या शेडमध्ये. पोराचं म्हणणं, डबा थोडा माझ्याकडे वळवून लाव, म्हणजे मला दिवा दिसेल. डब्यावर एक बारीक दिवा होता. ट्रेलर नीट जोडलेला असला की हिरवा, ब्रेकला वीज जायला लागली की हळूहळू लाल, आणि जोडलेलाच नसला तर काहीच नाही. दुकानदार म्हणाला, नाही, गाडीचं तोंड जिकडे त्याचं तोंड तिकडे, आणि एकदम सपाट. वाकडा लावलास तर लटकनाला वाटेल गाडी कायम उतारावर आहे. मी मनात म्हटलं, हा माणूस खरं बोलतोय असं दिसतंय. तरी पण डॅशबोर्डावर माझा पाण्याचा पेला ठेवून डबा आणि पाणी एका रेषेत आहे का ते बघून घेतलं.

मग बागेमागच्या सपाट रस्त्यावर चाचणी. दोन घोडे आत चढवले, कारण रिकाम्या गाडीवर केलेली चाचणी भरल्या गाडीला उपयोगाची नाही. डब्याला एक दांडी होती. पायाने ब्रेक न दाबता नुसती ती दांडी दाबली की फक्त मागच्या चाकांना ब्रेक लागतो. हळू जाताना दांडी दाबायची आणि बघायचं. मागून ओढ लागली पाहिजे, पण चाकं घसटत जाता कामा नयेत. कमी वाटलं तर डब्यावरचं चाक फिरवून जोर वाढवायचा, चाकं अडून धूळ उडाली तर थोडा कमी करायचा. मी शेजारी बसले होते. पहिल्यांदा काहीच झालं नाही. पोराने जोर वाढवला. मग आये, पाठीला बरोबर कळलं. कोणीतरी मागून हळूच धरलं. हिसका नाही, ओरडा नाही. जसं तू धरायचीस. मी नुसतं म्हटलं, "घोडे उतरवलेस की पुन्हा कमी कर. रिकाम्या गाडीला इतकं धरलंस तर फरफटेल." तो म्हणाला, "माहीत आहे गं." माहीत होतं तर परत येताना रिकाम्या ट्रेलरची चाकं अडवून रबराचा वास घरापर्यंत कसा आणलास, हे मी त्याला नंतर विचारलं.

तेव्हापासून माझा एक नियम. निघताना फाटकाच्या आत दांडी दाबायची, ओढ बघायची, मगच बाहेर. मी फाटकात उभी राहायची. "ओढ दिली का?" "दिली." "दिवा?" "हिरवा, हिरवा." कटकट म्हणून का होईना, करायचा.

आणि मग सुनेने त्या डब्याला कव्हर विणलं.

तुला सांगते, इथे आलेल्या आपल्या लोकांना एक खोड लागते. नवीन वस्तू झाकायची. गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक दोन उन्हाळे काढत नाहीत, घामाने पाठ चिकटली तरी बसतील. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, फोनला कव्हर, मिक्सरला झालरीचा झगा. वाळू येते, ऊन लागतं, वस्तू परत मिळत नाही, असं म्हणायचं. सुनेचा हात क्रोशाचा, आणि हात चांगला आहे, ते मी नाकारत नाही. तिने डब्यासाठी मरून रंगाचं, कडेला पिवळी नक्षी असलेलं कव्हर केलं आणि खाली एक गोंडा सोडला. गाडीत लावलं. सगळ्यांना दाखवलं. मी बघितलं आणि मला ते आवडलं. मी दुकानदारावर संशय घेतला, अर्बाबावर घेतला, लटकनावर घेतला. लोकरीवर कोण घेतो?

पुढे थंडीत घोडे इब्राला न्यायचे होते आणि मी बरोबर निघाले. कारण असं, की इब्राला बुधवारी एक बाजार भरतो तो नुसत्या बायकांचा. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषाला आत सोडत नाहीत, असं शेजारीण सांगायची. मला खोटं वाटायचं. पुरुषांना बाहेर ठेवायचं जमलंय असं जगात कुठे आहे? म्हणून म्हटलं, बघूनच येते. सकाळी निघालो. फाटकात मी आत बसलेली होते म्हणून उभं राहून विचारायला कोणी नव्हतं. मी आतूनच विचारलं, "ओढ?" तर म्हणाला, "कालच बघितली गं आई, कव्हर काढायचं म्हणजे तो गोंडा सोडायचा, गाठ सोडायची... यल्ला, चल, उशीर होतोय." आणि मी बसले गप्प. बाजाराची घाई मला पण होती.

समुद्राकाठचा रस्ता सरळ, तिथे काही कळलं नाही. मग डोंगर लागले. पहिला उतार आला, पोराने पायाने ब्रेक दाबला, आणि माझ्या पाठीला काही लागेना. तो जो मागचा हात असतो तो नव्हता. उलट कंबरेखाली बारीक रेटा.

"मागून कोणी धरलेलं नाही," मी म्हटलं.

"आई, झालं तुझं सुरू?"

"थांबव."

"उतारावर कुठे थांबवू? नवीन डबा आहे, तूच तर दोनदा..."

मी वाद घातला नाही. हात घातला, गोंड्यासकट कव्हर ओरबाडून काढलं. दिवा मेलेला. हिरवा नाही, लाल नाही, काही नाही. पोराने ते बघितलं आणि त्याच्या कानशिलाची शीर उठली. खालच्या गिअरवर गाडी आणली, इंजिनावर धरत, पाय हळूहळू टेकत आणि उचलत. खाली वळण होतं, वळणाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. ट्रेलर मागून ढुसण्या देतोय, आत घोडे पाय आपटतायत. माझ्या दोन्ही मुठी आवळलेल्या आणि हातात काहीच नाही. ते मला सगळ्यात वाईट वाटलं. हातात काहीच नाही. वळणाच्या अलीकडे उजव्या बाजूला खडीचा मोकळा तुकडा होता, तिथे त्याने गाडी घातली, खडीत चाकं रुतली, आणि थांबलो. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. मी म्हटलं, "बसून काय होणार, उतर."

मागे जाऊन बघितलं तर पिकअप आणि ट्रेलर जोडणारा जो तारांचा प्लग, तो हिरवा झालेला. आपली पितळेची भांडी होतात तसा. समुद्राची खारी हवा, दुसरं काय. वीज जाणार कुठून. डब्याचा दोष नाही, मलबाऱ्याचा नाही, अर्बाबाचा नाही. दिवा तर बिचारा सांगत होता, पण त्याच्या तोंडावर लोकर. मी अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या हातात दिला. त्याने वायर काढून प्लगाच्या एकेक पिनेवरची हिरवट पुटं खरवडली. पुसायला फडकं पाहिजे होतं. मी कव्हर दिलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "पूस," मी म्हटलं, "पहिल्यांदाच कामाला येतंय." प्लग बसवला आणि डब्यावर हिरवा दिवा आला. आये, इतका लहान दिवा, पण आम्ही दोघं आरतीला उभं राहिल्यासारखे त्याच्याकडे बघत होतो.

पुढे अजून उतार होते. निघताना पोर म्हणाला, "आई, तू असं कर. ही दांडी तू सांभाळ. उतार आला की मी सांगेन तेव्हा दाब." माझ्या मनात लगेच आलं, मला गप्प बसवायला देतोय. मुलाच्या हातात खुळखुळा देतात तसा. डबा आपोआप धरतोच आहे, मग दांडीचं काय काम? म्हणून पुढच्या सपाटीवर, त्याला काही न सांगता, मी दांडी कचकन दाबली. मागून असं जोरात धरलं गेलं की त्याची मान पुढे गेली, घोडे खिंकाळले आणि तो ओरडला, "आई! मी सांगितलं होतं का?"

"नाही. बघत होते, जोडलेली आहे का."

"मग? आहे का?"

"आहे."

आणि मग इब्रापर्यंत प्रत्येक उतारावर मी ती दांडी धरली. त्याच्या सांगण्यावर नाही. पाठीला जसं लागेल तसं, थोडं लागलं तर थोडं. तो दोनदा "दाब" म्हणाला, त्याच्या आधीच दाबलेली होती. तिसऱ्यांदा तो म्हणालाच नाही. बाजाराचं म्हणशील तर शेजारीण खरं बोलत होती. पोराला बायकांनी कडेलाच अडवलं आणि तो उन्हात उभा राहिला. मला बरं वाटलं.

घरी आल्यावर सुनेने विचारलं, "आई, कव्हर कुठाय?" मी म्हटलं, "पुसायला घेतलं." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग पोराने तिला काय ते सांगितलं असणार, कारण तिसऱ्या दिवशी तिने मला चहा आणून दिला, साखर बरोबर घातलेला. पुढे तिने नवीन कव्हर विणलं. त्याला दिव्यापुरती जाळी ठेवली आणि दांडी बाहेर राहील अशी चीर ठेवली. मी म्हटलं, "डबाच उघडा ठेवलास तर?" ती म्हणाली, "आई, धूळ." हे लोक सुधारायचे नाहीत. पण जाळीतून दिवा दिसत होता, ते मी रोज बघायची.

आता ती पिकअप गेली, म्हातारा अर्बाब गेला, घोडे त्याचा मुलगा बघतो, ते वाहायचं काम अजून माझ्या पोराचंच. नव्या गाडीतल्या डब्यात लटकनही नाही म्हणे. त्याला आपोआप कळतं, वाकडा असो, उतार असो. कसं कळतं ते पोराला सांगता येईना, तेव्हा मी काय समजायचं ते समजले. दांडी मात्र आहे, दोन बटणांची, चिमटीत दाबायची. ट्रेलर जोडल्यावर मी आज ती दाबून बघणार आहे, त्याने नको म्हटलं तरी. नात मघाशी आली, खांद्यावरून वाकून म्हणते, "आजी, तू कोणाला लिहते आहे? लेटर आहे?" मी म्हटलं, माझ्या आईला. ती म्हणाली, "पण शी इज नो मोर ना?" मी म्हटलं, म्हणून तर लिहितेय, असती तर धपाटा घातला असता. तिला कळलं नाही. ती हसली आणि गेली. हा कागद मी कुठे टाकणार नाही. पिठाच्या डब्याखाली कागद घालायचा आहेच, तो हाच घालीन.

एकच राहिलं. काल नव्या गाडीकडे बघताना माझ्या मनात आलं ते मी पोराला सांगितलं नाही. तू मला जो आखूड दोर दिला होतास, तो तू कशाला बांधला होतास? तुझा आसाला होता, हे मी बघितलेलं आहे. माझाही आसालाच होता, की गाडीच्या मागच्या फळीला नुसता अडकवला होता, पोरगी पायात येऊ नये म्हणून? मी जे काही धरत होते ते खरंच धरत होते का? तुला विचारायला पाहिजे होतं. मडकी, मासे, मलबारी, लटकन, सगळं तपासलं मी. ती गाठ माझ्या नाकासमोर असायची, रोज, सगळा उतार. मान थोडी वाकवली असती तर दिसली असती. मी वाकवली नाही. मला बघायची नव्हती.